कै. पुंजाजी स्मृती ब्रेक

वाहन चालवायला डिझेल पुरतं, पण वाहन सुरक्षित ठेवायचं म्हटलं की समिती लागते. डिझेल कधी ना कधी संपतं, समिती संपत नाही. त्यावरून सुरक्षितता ही डिझेलपेक्षा टिकाऊ चीज आहे हे कोणाच्याही ध्यानात यावं.

शिरपूर जैन आणि जऊळका यांच्या मधे कवठसावंगी नावाचं गाव आहे. (नकाशात शोधू नये. गावाने शोधून पाहिलं आहे.) एसटी गावात यायची बंद झाली तेव्हा गावाने मिळून सतरा सीटची मिनीबस घेतली आणि तिच्यासाठी 'ग्राम प्रवासी वाहन सुरक्षा, देखभाल व सन्मान समिती' नेमली. समितीत एकवीस सभासद. म्हणजे सगळी समिती एकदम गाडीत शिरली असती तर चौघांना उभं राहावं लागलं असतं. पण तशी वेळ आली नाही, कारण सभासदांकडे आपापल्या मोटरसायकली होत्या.

गाडीवर ड्रायव्हर होता देवमन. बावीस वर्षं ट्रक चालवून, पाठीचे मणके मोजून घेऊन गावी परतलेला माणूस. त्याची मुलगी धम्मदीपा शिरपूरला बारावीत होती आणि रोज सकाळी बरोबर त्याच्या मागच्या सीटवर बसून जायची. गाडीतले सोळा प्रवासी ही देवमनची जबाबदारी होती आणि सतरावी त्याची पोरगी होती. त्यामुळे गाडीत काही खुट्ट वाजलं तरी तो कान टवकारायचा. समितीच्या मते एरवी हा माणूस चांगला होता, एवढाच एक दोष सोडला तर.

देखभालीची पद्धत मात्र नावाजण्यासारखी होती. गाडीचा जो भाग बिघडेल तो गावातल्या कोणीतरी बदलून द्यायचा आणि त्यावर आपल्या घरातल्या माणसाचं नाव टाकून घ्यायचं. नाव टाकायला मुन्ना पेंटर बारमाही तयार. बघता बघता गाडी अशी सुधारली की तिचा मूळ रंग कोणता यावर दोन मतं झाली. डावा वायपर एका आजोबांच्या नावे, उजवा आजीच्या. (दोघं दर पावसाळ्यात काचेवर एकमेकांकडे जातात आणि न भेटता परत येतात.) पुढचं डावं चाक थोरल्या आळीने दिलं, म्हणून उजवं धाकट्या आळीने दिलं, आणि ते दीड इंच मोठं दिलं. तेव्हापासून गाडी स्वतःहून डावीकडे जाते. बाहेरच्या आरशावर नाव लांब होतं, ते पूर्ण बसावं म्हणून मुन्नाने आरसा पूर्ण वापरला. आता मागून येणारा ट्रक दिसत नाही, पण आरसा कोणी दिला ते ट्रकवाल्यालासुद्धा दिसतं. आग विझवायच्या नळकांड्यावर 'हे कसे वापरावे' असं लिहिलं होतं, त्याच जागी आता 'हे कोणी दिले' असं आहे. हँडब्रेकच्या दांड्यावरचं नाव हात लागून घासू नये म्हणून त्याला मखमलीची पिशवी शिवून, सुतळीने आवळून कायमची बांधली. समितीचे सचिव पंजाबराव यांनी रिव्हर्सचा भोंगा दिला. भोंग्यावर लिहायला जागा नाही म्हणून तो बोलका घेतला. गाडी मागे घेतली की तो म्हणतो, "सावधान, पंजाबरावजींच्या सौजन्याने गाडी मागे येत आहे."

एका मोजणीनुसार गाडीवर त्रेसष्ट नावं होती, पैकी एकेचाळीस कैलासवासी. दर जिवंत प्रवाशामागे सुमारे अडीच दिवंगत असं हे प्रमाण पडतं. जिल्ह्यात ते सर्वांत जास्त असावं, असा समितीचा नम्र अंदाज आहे.

या पद्धतीत एकच बारीक खोट होती. गाडीच्या ज्या भागावर नाव लिहायला जागा नाही, तो भाग कोणाचाच नव्हता.

ब्रेक हा असा भाग होता. पायडल पहिल्यांदा दाबलं की ते नुसतं खाली जायचं, दुसऱ्यांदा दाबलं की विचार करायचं, आणि तिसऱ्यांदा दाबलं की गाडी थांबायची. शिरपूरच्या वाटेवर नाल्याच्या पुलाकडे जो उतार आहे, तिथे देवमन पहिला पाय घराजवळच मारून ठेवायचा, म्हणजे तिसरा वेळेवर पडेल. पासिंगला अजून सहा महिने होते. म्हणजे कायद्याच्या नजरेत ब्रेक अजून सहा महिने उत्तम होता.

दोन महिन्यांत देवमन तीनदा समितीपुढे उभा राहिला. तिसऱ्यांदा त्याने चप्पल काढून, हात जोडून सांगितलं, "अध्यक्षसाहेब, ब्रेक लागून नाई राह्यला."

समितीचे अध्यक्ष मारोतराव हे शांत, पांढऱ्या टोपीचे आणि तर्काचे पक्के गृहस्थ. त्यांनी विचारलं, "दोन महिन्यांत गाडी कुठी धडकली?"

"नाई."

"थांबाच्या जागी थांबून राह्यली?"

"थांबून राह्यली. पन..."

"मंग ब्रेक लागूनच राह्यला ना, बावा!"

इतिवृत्तात 'ब्रेकविषयी समाधान व्यक्त करण्यात आले' अशी नोंद झाली. पण देवमन हलेना. तेव्हा पंजाबरावांनी विषय मुळाशी नेला.

"समजा कोनी ब्रेकचे नवे लायनर देल्ले. त्याच्यावर नाव टाकता येते काय?"

"थे चाकाच्या आत रायतेत, पंजाबराव."

"आत कोन पायते?"

"कोनीच नाई पाहत."

"मंग कोन देईन?"

ब्रेकच्या लाल दिव्याचा विचार झाला, पण तो आधीच एका कैलासवाश्यांकडे होता. आणि इथे देवमनच्या तोंडून ते वाक्य गेलं. पुढे त्याने स्वतःला त्याबद्दल बरेचदा शिव्या दिल्या, पण त्या क्षणी त्याच्या डोळ्यांपुढे फक्त उतार आणि धम्मदीपाची वेणी होती.

तो म्हणाला, "पायडलवर जागा हाय."

मारोतरावांनी टोपी सरळ केली. पायडल गाडीच्या पुढच्या भागात येतं, पुढच्या भागातल्या बाकी जागा केव्हाच गेलेल्या, आणि त्यांच्या वडिलांचं, पुंजाजींचं, नाव अजून गाडीवर कुठेच नव्हतं. त्यांनी जागच्या जागी होकार दिला. आठ दिवसांत काम झालं. काम अस्सल झालं, हे सांगितलंच पाहिजे. मिस्त्रीने चारही चाकांचे लायनर बदलले, ब्रेकचं तेल बदललं, पाइप नवे टाकले. आणि पायडलवर चार स्क्रूंनी पितळी पाटी बसली: 'कै. पुंजाजी स्मृती ब्रेक'.

उद्घाटनाला सगळं गाव जमलं. पायडलला हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार पडला, नारळ फुटला. मारोतरावांनी भाषणात सांगितलं की बाबूजींनी आयुष्यभर लोकांना थांबवायचंच काम केलं. (हे खरं होतं. पुंजाजी रस्त्यात कोणालाही थांबवून तासतासभर बोलत.) मग देवमनला गाडी सुरू करायला सांगितलं. तो सीटवर बसला, चावी फिरवली, आणि सवयीने उजवा पाय ब्रेककडे नेला.

"ए!" मारोतराव ओरडले. "पाय कुठी ठेवून राह्यला?"

देवमनचा पाय हवेतच राहिला. सगळ्या गावाने पायाकडे पाहिलं, मग पाटीकडे, मग परत पायाकडे.

समितीची तातडीची बैठक गाडीच्या सावलीतच झाली. तीन ठराव एकमताने मंजूर झाले. एक, प्रवाशांच्या सुरक्षेसाठी ब्रेकचा वापर अनिवार्य राहील. दोन, कै. पुंजाजींच्या नावाला पाय लागता कामा नये. तीन, ठराव एक आणि दोन यांची अंमलबजावणी ड्रायव्हरने करावी.

देवमन म्हणाला, "पाटी थोडी बाजूले लावा ना. खाली लावा, वर लावा."

"खाली लावू? बाबूजीले?"

"वर लावा म्हनलं."

"वर तुया गुडघा येते."

देवमन म्हणाला, चप्पल काढतो. मारोतराव म्हणाले, पाय तो पायच. आता हा पाय दुसऱ्या कोणाचा असता तर पायडलपाशी एवढी गर्दी झाली असती का, असा प्रश्न एखाद्या वाकड्या डोक्यात येऊ शकतो. समितीने जातीचा विषय अजिबात काढला नाही. नऊ सभासदांनी नऊ वेळा उठून तो काढायचा नाही असं बजावलं.

शेवटी तोडगा निघाला. नावाला हात लागलेला चालतो. हात म्हणजे सेवा. त्यातही मुलाचा हात असला तर उत्तमच. म्हणून खुद्द मारोतरावांनी रोज गाडीत यायचं, ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या खोक्यावर बसायचं, आणि देवमन सांगेल तेव्हा काठीने ब्रेक दाबायचा. काठी बाभळीची. बाबूजींना टोचू नये म्हणून तिच्या खालच्या टोकाला कारंजाच्या बाजारातल्या चांगल्या कापसाची गादी करून वर पांढरं धोतर गुंडाळलं. अशा रीतीने कवठसावंगीची मिनी ही दोन माणसांनी चालवायची गाडी झाली. विमानातही दोघं असतात, हे पंजाबरावांनी सर्वांच्या निदर्शनास आणून दिलं.

पहिले नऊ दिवस व्यवस्था सुरळीत चालली. देवमन ओरडायचा, "ब्रेक!" मारोतराव विचारायचे, "कितीसा?" देवमन म्हणायचा, "अर्धा!" मारोतराव आधी काठी कपाळाला लावून नमस्कार करायचे आणि मग दाबायचे. नऊ दिवसांत गाडी दोनशे चौदा वेळा थांबली, पैकी एकशे एकतीस वेळा थांबायच्या जागी. उरलेल्या वेळी प्रवाशांनी थोडं मागे किंवा पुढे चालत जावं असं ठरलं, आणि चालण्याने तब्येत सुधारते हेही नमूद झालं. रस्त्यातल्या बकऱ्या आपल्या आपण समजूतदार झाल्या.

धम्मदीपाने दुसऱ्याच दिवशी बापाला विचारलं, "बाबा, काठी चुकली तं?"

"चुकनार नाई."

"हे मले सांगून राह्यले का स्वतःले?"

त्या दिवसापासून देवमनने उजव्या पायातली चप्पल काढून ठेवायला सुरुवात केली. कोणी विचारलं तर म्हणायचा, गरम होते.

दहावा दिवस सोयाबीनच्या हंगामातला होता. गाडी भरलेली. धम्मदीपा नेहमीच्या जागी, तिच्या शेजारी मारोतरावांच्या घरच्या चतुराबाई. त्यांना शिरपूरला डोळा दाखवायचा होता. गाडी उताराला लागली आणि मारोतरावांना त्यांच्या मेहुण्याचा फोन आला. मेहुण्याला ब्रेकची माहिती हवी होती. मारोतरावांनी काठी काखेत धरली आणि माहिती द्यायला लागले.

उताराच्या तळाशी, अरुंद पुलावर, सोयाबीनने भरलेली एक ट्रॉली उभी होती. तिचं चाक निखळलं होतं. ट्रॉलीखाली एक माणूस उताणा पडून बोल्ट आवळत होता, त्याचे दोन पाय तेवढे रस्त्यावर आलेले.

"ब्रेक!" देवमन ओरडला.

मारोतरावांनी हाताने थांबायची खूण केली. ती त्यांनी देवमनला केली, गाडीला केली नाही.

"ब्रेक दाबा, मारोतराव!"

"एक मिनिट, पाव्हने," मारोतराव फोनमध्ये म्हणाले आणि वळले. "कितीसा?"

"बाबा!" धम्मदीपा किंचाळली.

देवमनचा अनवाणी पाय पाटीवर पडला. सगळा पडला. नवे लायनर, नवं तेल, नवे पाइप, सगळ्यांनी आपापलं काम केलं. गाडी किंचाळली, डावीकडे गेली, आणि त्या दोन पायांपासून चार हातांवर थांबली.

इंजिन बंद पडलं. कोणी हललं नाही. ट्रॉलीखालचे पाय आत ओढले गेले.

मारोतरावांनी फोन खिशात ठेवला. खाली पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "देवमन. पाय काढ."

"काढला तं गाडी जाईन."

"मी पायाचं बोलून राह्यलो. गाडीचं बोललो काय?"

"मारोतराव, उतार हाय. हँडब्रेक तुमीच पिशवीत बांधला. पाय काढला तं आपुन सारे त्या ट्रॉलीत."

"मंग हळू काढ."

तेवढ्यात मागून चतुराबाईंचा आवाज आला. "अवो, बसा ना चुपचाप! मामंजी जिते असते तं त्याइनंच वरडून सांगतलं असतं, दाब बाप्पा म्हून! चाल वं धम्मदीपा, गोटे लावू चाकाले."

दोघी उतरल्या आणि पदर, ओढणी खोचून चाकांखाली दगड लावले. मग देवमनने पाय काढला. पाय नावावर एकूण सात मिनिटं होता. हा आकडा पुढे चौकशीत फार उपयोगी पडला.

चौकशी तिसऱ्या दिवशी पंचायतीच्या खोलीत झाली. सतरा प्रवाशांपैकी सोळा जणांनी पाय डोळ्यांनी पाहिल्याचं सांगितलं. सतरावी धम्मदीपा. ती म्हणाली, "मी ट्रॉली पायली." विषयाला सोडून असल्याने ही साक्ष वगळण्यात आली. टाच लागली की चवडा, पाय धुतलेला होता का, दाबताना देवमनच्या चेहऱ्यावर भाव कोणते होते, हे सगळं खोलात जाऊन विचारलं गेलं. मुन्ना पेंटरने पायडलचं मोठं चित्र काढून त्यावर देवमनचा पाय ठिपक्यांनी दाखवला. त्यात 'कै.' हा भाग पूर्ण मोकळा राहिल्याचं दिसून आलं आणि समितीला थोडा धीर आला. ब्रेक कसा लागला, यावर एकच परिच्छेद आहे. ब्रेक उत्कृष्ट लागला, याचं श्रेय कै. पुंजाजींना जातं.

देवमनला दोन पर्याय दिले गेले. माफी मागावी, नाहीतर किल्ली ठेवून जावं. देवमनने खिशातली किल्ली काढून तळहातावर धरली. दारात धम्मदीपा उभी होती. किल्ली ठेवली तर उद्या या गाडीवर दुसरा कोणी येईल, तो ब्रेकवर पाय ठेवायला घाबरेल, आणि ही पोरगी त्याच्या मागे बसेल.

"माफी मागतो," देवमन म्हणाला. पंजाबराव लिहायला लागले. "दाबाले उशीर झाला त्याची मागतो. तुमी 'कितीसा' म्हनेपर्यंत थांबलो, त्याची मागतो. उद्या असंच झालं तं आजून दाबीन. तवा मंग आजच्यातच थेही लिहून घ्या."

पंजाबरावांनी 'माफी मागतो' एवढं लिहून पेनाचं टोपण लावलं होतं.

तेवढ्यात चतुराबाई आत आल्या आणि पदरातून काढून ती पितळी पाटी टेबलावर ठेवली. मागून चार स्क्रू ठेवले.

मारोतराव उभे राहिले. "कोनं काढली?"

"मी काढली. मुन्नाचा पेचकस घेतला अन् काढली. मले उद्या डोया दाखवाले जायचं हाय. सासऱ्याचं नाव कुठी लावाचं थे पाहा तुमी, अन् त्याले बिचाऱ्याले ब्रेक लावू द्या."

घरच्याच माणसाने काढलेली पाटी परत लावायला नियम नव्हता. देवमनला ब्रेक मोकळा झाला. पण पुंजाजींच्या मानाची भरपाई करणं आलंच. खूप शोध झाल्यावर गाडीत एक मोठी, स्वच्छ, अजून कोणाचंही नाव नसलेली जागा सापडली आणि समितीतल्या सगळ्यांना आश्चर्य वाटलं की ही इतके दिवस दिसली कशी नाही. ती समोरची काच होती. आता तिच्यावर हातभर उंचीच्या अक्षरांत पुंजाजी आहेत. देवमनला 'जा' आणि 'जी' यांच्या मधल्या फटीतून रस्ता दिसतो. ब्रेक एकदाच दाबला की लागतो. तो कधी दाबायचा, ते धम्मदीपा खिडकीतून डोकं बाहेर काढून सांगते. समितीच्या दृष्टीने हा विषय संपला. अहवाल छत्तीस पानांचा झाला, त्याला मागे नामसूची जोडली आहे.

चौकशीच्या दिवशी पंचायतीच्या ओट्यावर एक माणूस सकाळपासून बसून होता. ट्रॉलीखालचे पाय त्याचेच. त्याला साक्ष द्यायची होती. पंजाबरावांनी दारातूनच विचारलं, "गाडीवर तुमचं काही हाय?"

"नाई जी. मी गाडीखाली जाऊन राह्यलो होतो."

"मंग थांबा जरासक."

तो थांबला. दुपार गेली, खोलीत दोनदा चहा गेला. शेवटी देवमन बाहेर आला तेव्हा तो उठला. तो एकदम वाकून देवमनच्या पायाला हात लावायला गेला.

देवमनने पाय झटकन मागे घेतला. "पायाचं नोको काढू बावा आता. आताच तं चौकशी संपली."

दोघं हसले, फाट्यावरच्या टपरीवर चहा प्यायले, आणि तो माणूस आपल्या वाटेने गेला. छत्तीस पानांत तो कुठेच नाही. नामसूचीतही नाही. समितीवर तुम्ही खुशाल हसा, ती आहेच तशी. पण पुंजाजी कोण, ते एव्हाना तुम्हालाही पाठ झालं आहे. वायपर कोणाच्या नावाचे, भोंगा कोणाचा, पाटी कुठून निघून कुठे बसली, सगळं लक्षात आहे. त्या माणसाचं नाव मी तुम्हाला सांगणार होतो. पाहत होतो, कोणी विचारतं का.